गळा कुणाचा, खटका कुणाचा?

वाशीमच्या पाटणी चौकात चहा घेताना मी एकदा विषय काढला, की अमेरिकेत कृष्णवर्णीयांची स्वतःची रेडिओ स्टेशनं होती आणि त्यांचा इतिहास मोठा मजेशीर आहे. एक जण म्हणाला, "आता रेडिओ कोन आयकते, भाऊ?" दुसरा म्हणाला, "तिकडलं इकडं कायले सांगता?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर शेवटी देतो, दुसऱ्याचं लगेच. तिकडलं इकडं सांगायची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत असं त्यांनी वाचलं होतं, त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. १९७२ साली मुंबईत तरुण कवी-लेखकांनी संघटना काढली तेव्हा तिचं नाव दलित पँथर ठेवलं, ते थेट तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. म्हणजे हा रस्ता चांगला मळलेला आहे. मात्र त्या रस्त्याने आलेली रेडिओची गोष्ट बहुतेक वेळा अर्धवट आली. अर्धवट पसरवणाऱ्यांत मीही होतो. एका व्याख्यानात मी छातीठोकपणे एक वाक्य फेकलं होतं, त्याचीच फेड आधी करतो.

गैरसमज : मेम्फिसचं डब्ल्यूडीआयए हे कृष्णवर्णीयांचं पहिलं रेडिओ स्टेशन.

वस्तुस्थिती : यातला 'चं' हा प्रत्यय फसवा आहे. कृष्णवर्णीयांसाठीचं म्हणाल, तर बरोबर. कृष्णवर्णीयांच्या मालकीचं म्हणाल, तर साफ चूक.

डब्ल्यूडीआयए १९४७ साली सुरू झालं. मालक दोघे, बर्ट फर्ग्युसन आणि जॉन पेपर, दोघेही गोरे. २५० वॉटचं लहानसं स्टेशन, त्यावर इतर गोरी स्टेशनं लावत तीच गाणी. चालेना. शहरात तशी आणखी स्टेशनं होतीच, हे सगळ्यांच्या शेपटाला. मेम्फिसमध्ये दर दहातले चार लोक कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्याशी कुठलंच स्टेशन बोलत नव्हतं. ही रिकामी जागा मालकांच्या लक्षात आली. त्यांना समतेचा साक्षात्कार वगैरे झाला नव्हता. दुकान बुडत होतं आणि समोर न पाहिलेलं गिऱ्हाईक उभं होतं, एवढाच हिशेब.

२५ ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांनी नॅट डी. विल्यम्स यांना माईकपुढे बसवलं. हे गृहस्थ शाळामास्तर. बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कुलात इतिहास शिकवायचे, वर्तमानपत्रात सदर लिहायचे, गावात त्यांचा शब्द चालायचा. लाल दिवा लागला आणि मास्तर पाठ केलेलं पहिलंच वाक्य विसरले. विसरले म्हणून खदखदून हसले. पुढची कित्येक वर्षं ते हसणं हीच त्यांची ओळख झाली. धमक्यांचे फोनही आले. पण वर्षभरात सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय निवेदकांकडे गेले आणि शेपटाचं स्टेशन डोक्याला आलं. रायली किंग नावाचा मिसिसिपीचा एक पोरगा तिथे एका टॉनिकची जाहिरात गात असे. 'ब्ल्यूज बॉय' म्हणता म्हणता त्याचा बी. बी. किंग झाला, तो इथेच. १९५४ साली स्टेशनची ताकद ५०,००० वॉट झाली. मिसिसिपीचा कापूस पिकवणारा सगळा पट्टा टप्प्यात आला. देशातले दहा टक्के कृष्णवर्णीय आपलं ऐकू शकतात, असा स्टेशनचा दावा होता.

कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वाचताना जरा वेगळंच वाटतं. दिवसभर वेचणी करून आलेला माणूस रेडिओ लावतो आणि त्यातून प्रथमच आपल्यासारखं बोलणारं कुणी ऐकू येतं. त्या स्टेशनने केलेल्या कामांची यादी मला गाण्यांपेक्षा मोलाची वाटते. हरवलेलं मूल, हरवलेली गुरं, हरवलेली पाकिटं, अगदी हरवलेली कवळीसुद्धा रेडिओवर पुकारली जायची. अमक्या रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ चुकलेत, ओळखत असाल तर घेऊन जा, अशा सूचना दिल्या जायच्या. गाण्यांचे जलसे भरवून त्या पैशांतून अपंग मुलांना शाळेत नेणाऱ्या बसचा खर्च भागवला, पोरांचे बेसबॉलचे संघ उभे केले. आपल्याकडे हे काम गावात दवंडी देणारा करायचा, तिथे ते ५०,००० वॉटची दवंडी करत होती.

आणि तरीही, काचेच्या पलीकडची गोष्ट सांगायलाच हवी. स्टुडिओत बोलणारा कृष्णवर्णीय असे, पण काचेपलीकडे मशीनवर, म्हणजे आवाज चालू-बंद करणाऱ्या खटक्यावर, सुरुवातीच्या काळात गोराच माणूस बसे. त्या मशीनवर काम केलेला लुई कॅन्टर नावाचा एक गोरा मुलगा पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि त्यानेच या स्टेशनचा इतिहास लिहिला. मी व्याख्यानात ज्याला 'त्यांचं पहिलं स्टेशन' म्हणालो, तिथे गळा त्यांचा होता, खटका त्यांचा नव्हता. डब्ल्यूडीआयए आजही मेम्फिसमध्ये १०७० किलोहर्ट्झवर चालू आहे. मालकी आयहार्टमीडिया या देशभर स्टेशनं असलेल्या कंपनीकडे आहे.

गैरसमज : खरी मालकी मिळायला नागरी हक्कांची चळवळ यावी लागली.

वस्तुस्थिती : चळवळ भरात येण्याआधीच मालकी आली होती. मेम्फिसमध्ये विल्यम्स मास्तर हसले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, अटलांटात जेसी ब्लेटन यांनी डब्ल्यूईआरडी हे स्टेशन ५०,००० डॉलरला विकत घेतलं. अमेरिकेतलं कृष्णवर्णीयाच्या मालकीचं हे पहिलं रेडिओ स्टेशन. ब्लेटन हे ना गायक, ना पुढारी. ते हिशेबनीस होते, जॉर्जिया राज्यातले पहिले कृष्णवर्णीय सनदी लेखापाल. बँक चालवायचे, विद्यापीठात शिकवायचे. सामाजिक इतिहासात लेखापालांना फार जागा मिळत नाही, हा अन्यायच म्हणायचा.

स्टेशन हजार वॉटचं. मेम्फिसच्या तोफेपुढे ही टिकलीच. पण ऑबर्न ॲव्हेन्यूवरच्या ज्या इमारतीत ते होतं, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं कार्यालय होतं. जुनी माणसं सांगत, की किंग यांना काही जाहीर करायचं असलं की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकत. वर जॅक गिब्सन नावाचा निवेदक गाणं थांबवी आणि खिडकीतून माईक खाली सोडी. ही गोष्ट सांगता सांगता थोडी खुलली असेलही. पण कुणाची परवानगी न विचारता गाणं थांबवता येत होतं, हे तिच्यातलं महत्त्वाचं. मेम्फिसला ५०,००० वॉट होते, तरी तसा दांडा ठोकायची सोय नव्हती.

मालकी आली की सगळं आलं, असंही समजू नका. ब्लेटन यांनी १९६८ साली स्टेशन विकून टाकलं. लोकांच्या कामाचा विचार केला तर गोऱ्या मालकांच्या डब्ल्यूडीआयएने कदाचित जास्त घरं गाठली. मालकी आणि पोच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकत्र आल्याचं उदाहरण मला अमेरिकेपेक्षा आपल्या शेजारी जास्त स्वच्छ सापडतं. ते पुढे येईल.

गैरसमज : ही स्टेशनं म्हणजे गाणी आणि नाच.

वस्तुस्थिती : बर्मिंगहॅम, अलाबामा, मे १९६३. शेली स्टुअर्ट आणि 'टॉल पॉल' व्हाइट हे निवेदक गाण्यांच्या मध्ये पोरांना सांगत होते, की बागेत मोठी पार्टी आहे, दात घासायचा ब्रश सोबत आणा. पार्टीत ब्रश कशाला, हे पोरांना बरोबर कळलं. तुरुंगात राहायचं होतं. २ मेला हजारावर शाळकरी मुलं वर्ग सोडून वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर उतरली, शेकडो पकडली गेली. पोलिसांनीही तो रेडिओ ऐकला असेल, पण त्यांना त्यात पार्टीच ऐकू आली.

गैरसमज : आपल्याकडे वंचितांचा आवाज रेडिओवर कधी आलाच नाही.

वस्तुस्थिती : ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब ऑल इंडिया रेडिओवर बोलले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच क्रांतीकडून घेतली नाहीत, बुद्धाकडून घेतली, हे त्यांनी देशाला त्या भाषणात सांगितलं. मे १९५६ मध्ये एकाच महिन्यात ते बीबीसीवर बुद्ध धम्माविषयी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकावर भारतातल्या लोकशाहीच्या भवितव्याविषयी बोलले. पाचच महिन्यांनी नागपूरला धर्मांतर झालं.

म्हणजे आवाज आला, तोही जगभर गेला. पण ते बोलावलेल्या पाहुण्याचं बोलणं होतं. पाहुणा कितीही थोर असला, तरी घरातल्या दिव्याचं बटण त्याच्या हाती नसतं. वाशीमसारख्या गावात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नागपूर, परभणी, नंतर अकोला केंद्र ऐकलं. शेतीचे सल्ले ऐकले, भक्तिगीतं ऐकली, जयंतीच्या आसपास भीमगीतंही ऐकली. त्याबद्दल तक्रार नाही, उलट ऋणच आहे. फक्त माईकची खुर्ची आणि काचेपलीकडची खुर्ची यांतला फरक इथेही होता, एवढंच नोंदवून ठेवतो.

गैरसमज : रेडिओ काढायचा तर सरकार असावं लागतं, नाही तर मोठी कंपनी.

वस्तुस्थिती : हा समज १९९५ पर्यंत खरा होता. तो मोडला एका क्रिकेट स्पर्धेमुळे! १९९३ च्या हिरो कप सामन्यांचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की हवेतल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही. निकाल देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेला हा मराठी माणूस. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

निकाल लागला म्हणजे हक्क मिळाला असं सरकार दरबारी कधीच होत नाही. २००२ साली शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली आणि २००४ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं. स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या अखेरीस. आज सेवाभावी नोंदणीकृत संस्था, न्यास, कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ, शाळा-महाविद्यालय यांना सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करता येतो. एकट्या माणसाला, राजकीय पक्षाला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला करता येत नाही. ताकद १०० वॉट, मनोरा तीस मीटरपर्यंत. म्हणजे पाच-दहा किलोमीटरचा परिसर. गाव आणि आजूबाजूची वीसेक खेडी, बस.

गैरसमज : असलं काम शिकलेल्या, शहरी माणसांचं. खेड्यातल्या निरक्षर बायांना कसं जमणार?

वस्तुस्थिती : इथे मला जरा सैल सोडा, कारण सांगण्यासारखं खूप आहे.

वाशीमहून निघून हिंगोली, नांदेड करत बिदरच्या पलीकडे गेलात की झहीराबाद लागतं. तेलंगणाचा हा कोरडा, दगडी भाग, काळी-तांबडी जमीन. तिथल्या पस्तापूर गावी १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. पी. व्ही. सतीश हे तिच्या संस्थापकांपैकी एक, २०२३ मध्ये ते गेले. गावोगाव बायांचे 'संघम' म्हणजे गट. सदस्य बहुतेक दलित, बहुतेक कोरडवाहू शेतकरी नाही तर मजूर. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आणल्या, ज्वारी-बाजरी-राळा यांची बियाणी घराघरात जपली. दर जानेवारीत सजवलेल्या बैलगाड्यांतून जुन्या बियाण्यांची जत्रा गावोगाव फिरते. या संस्थेला २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

रेडिओचा विचार तिथे नव्वदच्या दशकातच सुरू झाला. युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभा राहिला, बाया ध्वनिमुद्रण शिकल्या, कार्यक्रम तयार होऊ लागले. फक्त प्रसारणाचा परवाना नव्हता. एखाद्याने घर बांधावं, चूल मांडावी, भाकरी थापावी आणि पाहुण्यांना आत यायला बंदी असावी, तसं झालं. मग त्यांनी काय करावं? कॅसेट घेतल्या आणि संघमच्या बैठकांना जाऊन टेपरेकॉर्डरवर वाजवल्या. रेडिओ हवेतून जात नसेल तर पिशवीतून जाईल. असं थोडंथोडकं नाही, दहाएक वर्षं चाललं.

शेवटी १५ ऑक्टोबर २००८ रोजी सकाळी ११ वाजता 'संघम रेडिओ' ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाला. १५ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिन. स्वयंसेवी संस्थेला परवाना मिळालेलं भारतातलं हे पहिलं सामुदायिक रेडिओ केंद्र. उद्‌घाटनाला कोण आलं होतं? निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत. क्रिकेटच्या खटल्यात त्यांनी लिहिलेलं वाक्य तेरा वर्षांनी एका दलित बाईच्या हाताखालच्या खटक्यापर्यंत पोचलं होतं, ते बघायला ते स्वतः गेले.

केंद्र चालवणाऱ्या दोघी होत्या, दोघींचंही नाव नरसम्मा. एक अलगोल नरसम्मा, दुसरी 'जनरल' नरसम्मा. निवेदन त्यांचं, ध्वनिमुद्रण त्यांचं, कापून जोडणं त्यांचं, मशीनवर हातही त्यांचाच. पेरणी कशी, बियाणं कुठलं, कुठल्या दुखण्याला कुठला पाला, कुठल्या सणाला कुठलं गाणं, हे बोलायला त्यांना बाहेरून तज्ज्ञ आणावे लागले नाहीत. भाषा कुठली? हैदराबादच्या बातम्यांची तेलुगू नाही, त्यांच्या वाडीतली. याच संस्थेतल्या बाया कॅमेराही शिकल्या आणि वरंगळच्या बीटी कापूस शेतकऱ्यांच्या मागे हंगामामागून हंगाम फिरून त्यांनी फिल्म केली. बीटी कापूस, हंगाम, फसगत. वाशीम-यवतमाळच्या माणसाला यापुढचं सांगायला नको.

डब्ल्यूडीआयएत गळा मिळाला, खटका नाही. डब्ल्यूईआरडीत दोन्ही मिळाले, पण मालक एक बँकवाला गृहस्थ होता, श्रोता श्रोताच राहिला. पस्तापूरच्या भागात ऐकणारी, बोलणारी आणि खटका दाबणारी, तिघी एकाच बांधावरच्या. या हिशेबाने मला तरी त्यांचं केंद्र मेम्फिस-अटलांटाच्या एक पाऊल पुढचं वाटतं. अमेरिकन इतिहासाच्या अभ्यासकांनी रागवायचं तर रागवावं.

आपल्या महाराष्ट्रातही त्याच वर्षी, २००८ मध्ये, सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाला. तोही दुष्काळी भाग, त्यामागेही बाया. तिथल्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. चेतना सिन्हांनी बँकेसाठी पहिला अर्ज केला, तो सभासद बाया अंगठेबहाद्दर म्हणून नामंजूर झाला. बाया लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुम्ही यंत्रावर करा, बघू कोण आधी संपवतं. १९९७ मध्ये बँक उभी राहिली. तोंडी हिशेब येणाऱ्या बाईला तोंडी कार्यक्रम येणार नाही, हे समजायला खरं तर शिकलेलं असावं लागतं.

गैरसमज : रेडिओवर शुद्ध बोलायचं असतं. बोली तिथे शोभत नाही. आणि गोरमाटी म्हणजे मराठीचीच मोडकी बोली.

वस्तुस्थिती : दोन गैरसमज एका दावणीला आहेत. दुसरा आधी सोडवू. बंजारा समाजाची गोरमाटी किंवा गोरबोली ही मराठीची बोली नाही. तिचं नातं राजस्थानी भाषांशी आहे. व्यापारासाठी तांडे घेऊन माणसं दक्षिणेत उतरली आणि भाषा सोबत घेऊन आली. महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक अशी ती पसरली आहे. स्वतःची वेगळी लिपी तिला नाही, इथे ती देवनागरीत लिहितात, तिकडे तेलुगू-कन्नड लिपीत. तीन राज्यांतले गोर भाऊबंद एकमेकांची पुस्तकं वाचू शकत नाहीत, पण एकमेकांचं बोलणं ऐकू शकतात. अशा भाषेला छापखान्याआधी रेडिओ हवा होता. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, संत सेवालाल महाराजांच्या समाधीला, रामनवमीला तिन्ही राज्यांतून माणसं येतात. दोन दिवस त्या परिसरात मराठीपेक्षा गोरमाटी जास्त ऐकू येते. हवेत मात्र नाही.

आता शुद्धतेचं. वाशीमच्या माणसाने तरी हा मुद्दा काढू नये. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. जुन्या साहित्यशास्त्रात विदर्भाच्या लिहिण्याच्या ढंगाला, वैदर्भी रीतीला, प्राकृतात 'वच्छोमी' म्हटलं गेलं, ते या वत्सगुल्मावरून. हजारेक वर्षांपूर्वी राजशेखराच्या लेखनात हे नाव भेटतं. त्याने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्नच वत्सगुल्मात लावलं. ज्या गावाच्या ढंगाला कधी काळी अख्ख्या देशाच्या पंडितांनी नाव दिलं, त्या गावात पोरगं "मले", "तुले" बोललं की मास्तर त्याला उभं करतात. सामुदायिक रेडिओचा नियम उलटा आहे. निम्मे कार्यक्रम तरी त्याच समाजाच्या सहभागातून व्हावेत आणि शक्यतो तिथल्याच भाषेत-बोलीत, असं सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतच लिहिलंय. म्हणजे सरकारी कागद "मले" म्हणायला सांगतो आणि आपण लाजतो.

गैरसमज : आपला रेडिओ म्हटलं की काहीही बोलता येतं.

वस्तुस्थिती : येत नाही. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, बाजार, परीक्षा, वीज-पाणी, पूर, हरवलं-सापडलं, यात्रा हे सगळं चालतं. गावात पुलाचं काम अडलं तर ते का अडलं, हे विचारणं मात्र या नियमात कुठे बसतं, यावर वकील वाद घालू शकतील. मला हा नियम पटत नाही. वर्तमानपत्राला जे चालतं, मोबाइलवरच्या कुठल्याही चॅनलला जे चालतं, ते १०० वॉटच्या गावकऱ्यांना का नको?

मात्र भीती अगदीच निराधार नाही, हेही कबूल करतो. १९९४ मध्ये रवांडात आरटीएलएम नावाच्या केंद्राने लोकांच्या स्वतःच्या भाषेत, लोकांच्या आवडीची गाणी लावत, शेजाऱ्याला मारायला सांगितलं. आपली भाषा आणि आपला माणूस एवढ्याने केंद्र भलं होत नाही. म्हणून या केंद्रांच्या सल्लागार आणि आशय समितीत निम्म्या बाया असाव्यात, ही तरतूद मला कुठल्याही बंदीपेक्षा जास्त उपयोगाची वाटते.

गैरसमज : आता रेडिओ कोन आयकते?

वस्तुस्थिती : चौकातल्या भाऊंना द्यायचं राहिलेलं उत्तर. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नसता. आज विचारतात, कारण खिशात मोबाइल आहे. पण मोबाइल आपल्याला जगभरचं ऐकवतो आणि शेजारच्या वाडीतलं ऐकवत नाही. तिथली म्हैस हरवली तर कुठलं ॲप पुकारतं? आणि कोण ऐकतं यावर सरकारही वेगळ्या मताचं दिसतं. देशात सामुदायिक केंद्रांची संख्या पाचशेच्या आसपास गेली आहे. २०२४ साली नियम सैल झाले. परवाना पाचऐवजी दहा वर्षांचा झाला, तासाला बारा मिनिटं जाहिरात घेता येते, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये झाला. यात कुणी गडगंज होणार नाही. पण आपल्या बाजारपेठेतल्या बियाण्याच्या दुकानदाराला, मंगल कार्यालयवाल्याला, शिकवणीवाल्या सरांनाही अशा भावात जाहिरात परवडेल.

अर्जासाठी संस्थेची नोंदणी असावी लागते आणि लोकसेवेचं किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. अशा संस्था वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत आहेत. बचतगटांचे संघ आहेत, तांड्यांवरची मंडळं आहेत, बुद्धविहारांभोवती उभ्या राहिलेल्या संस्था आहेत. अर्ज केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या 'ब्रॉडकास्ट सेवा' या पोर्टलवर भरायचा असतो.

पोहरादेवीच्या पुढच्या यात्रेआधी कुणी भरला, तर मला नक्की कळवा. माईकपुढे बसवू नका, तिथे गोरमाटी बोलणारी एखादी याडी, म्हणजे आई, बसू द्या. मला फक्त काचेपलीकडे, मशीनवर कोण बसलंय, ते येऊन बघायचं आहे.